कृपया सौम्य बोला

उमाकांत राऊळाला डोक्यात गदा मारली ती साक्षात विष्णूने. पोलिसपाटलाने विचारलं तेव्हा त्याने तेच सांगितलं, आणि पोलिसपाटलाने मान डोलावली, कारण तोही पहिल्या रांगेत बसून बघत होता.

माणखोलच्या दशावतार मंडळात उमाकांत तीस वर्षं दैत्य होता. विष्णू व्हायचा त्याचा चुलतभाऊ दिगंबर. दशावतारात संवाद कुणी लिहून देत नाही. गोष्ट ठरलेली असते, बाकीचं पात्रांनी उभ्या उभ्या बोलायचं. ही सोय माणखोलकरांना फार आवडायची, कारण उमाकांत आणि दिगंबर रंगमंचाबाहेर एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. दोघांच्या घरांच्या मधोमध दिगंबरचा एक फणस होता. त्याची पानं उमाकांतच्या पन्हळीत पडायची आणि फळं उमाकांतच्या पोटात जायची. त्यावरून अकरा वर्षांपूर्वी बिनसलं ते बिनसलंच. मग जे काही साचेल ते दोघंही तोंडाला रंग लावून बोलत.

"हे नारायणा," दैत्य गरजायचा, "त्रैलोक्याचं पालन करतोस आणि तुझ्या वृक्षाची पानं कुणाची पन्हळ तुंबवतात याची तुला शुद्ध नाही!"

"हे मदांध दैत्या," विष्णू शांतपणे म्हणायचा, "त्याच वृक्षाचे गरे कुणाच्या घरात जातात, याची वैकुंठात नोंद आहे."

लोक टाळ्या वाजवायचे. पेटीवाला मधेच सूर धरायचा. शेवटी विष्णू गदा मारायचा, दैत्य पडायचा, आणि दोघं दोन वाटांनी घरी जायचे. एकूण हे नातं म्हणून वाईट चाललं नव्हतं.

त्या वर्षी गदा नवीन होती. पांगाऱ्याची जुनी, हलकी गदा वाळवीने खाल्ली म्हणून मंडळाने कणकवलीहून थ्रीडी छपाईची मागवली. छापणाऱ्याला कुणी ती पोकळ हवी म्हणून सांगितलं नाही. झांजेच्या ठरलेल्या ठोक्याला दैत्याने खाली वाकायचं असतं. पण उमाकांतला नेमकं त्या ठोक्याला पन्हळीवर एक अप्रतिम उत्तर सुचलं, आणि तो ते सांगायला सरळ उभा राहिला.

डोक्याला टाके पडले. ते सुकले आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

काही आठवड्यांनी त्याच्या कानात पाणी चालू झालं. म्हणजे पाणी नव्हे, पाण्याचा आवाज. सूं, सूं, सूं. उमाकांतची खात्री पटली की दिगंबरने मुद्दाम त्याच्या भिंतीला लागून पंप बसवलाय. दोन दिवस तो भिंतीला कान लावून फिरला. तोवर उजवा डोळा लाल होऊन बाहेर येऊ लागला होता. गावात कुणी मनावर घेतलं नाही. तीस वर्षं दैत्याचं काम केल्यावर डोळा थोडा बाहेर येणारच, असं लोकांचं मत पडलं.

शेवटी बायकोने, प्रमिलाने, एका सकाळी त्याच्या कानशिलाला आपला कान लावला. तिलाही ऐकू आलं. नवऱ्याच्या डोक्यातला आवाज बाहेरच्या माणसाला ऐकू येणं तिला बरं वाटेना. ती त्याला थेट जिल्ह्याच्या गावी, नव्या इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टर तनुजा बिडये तरुण होत्या आणि कायम झोप अपुरी झाल्यासारख्या दिसत. त्यांनी उमाकांतला डोळा मिटायला सांगितला, मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"काका, तुमच्याकडे शेताला पाट आहे का?"

आहे, म्हणाला.

मग त्यांनी पाटावरच समजावलं. हृदयातून निघालेलं रक्त म्हणजे वरचं पाणी, जोरात येणारं. ते धमन्यांतून जातं, बारीक बारीक होत वाफ्यांत जिरतं, आणि जोर संपल्यावर शिरांच्या ओढ्यातून परत येतं. धमनी जाड, शीर पातळ. डोळ्याच्या मागे शिरेच्या रक्ताचं एक डबकं असतं, आणि शरीर बांधणाऱ्याने काय विचार केला कोण जाणे, मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी नेमकी त्या डबक्यातून आरपार नेलेली आहे. एरवी काही बिघडत नाही. पण डोक्याला मार बसला आणि धमनीला तिथेच चीर गेली, तर वरचं पाणी वाफ्यांत न जाता तसंच, पूर्ण जोराने, डबक्यात घुसतं. डबकं फुगतं, पाणी डोळ्याकडे उलटं चढतं. तो सूं सूं आवाज त्या चिरेचा, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला.

"आणि तसंच ठेवलं तर?" प्रमिलाने विचारलं.

डोळा जाईल, डॉक्टर म्हणाल्या, आणि पाणी मेंदूकडे उलटलं तर बाकीचंही.

पूर्वी अशा चिरेत बारीक तारेची वेटोळी भरून ती बुजवत. आता मणी सोडत. मनगटातल्या धमनीतून डोळ्याला न दिसणारे लोहमणी आत जातात, डोक्याभोवतीचे चुंबक त्यांना चिरेपर्यंत हाकत नेतात, आणि तिथे ते एकमेकांचे हात धरून जाळी होतात. जाळीवर रुग्णाच्याच पेशी पेरलेल्या असतात. सुमारे वर्षभरात त्यांचं अस्तर जाळीवर चढतं आणि धमनी जशीच्या तशी होते. मात्र तोवर जाळी कच्ची. रक्ताचा दाब एकाएकी उसळला तर ती फाटू शकते. म्हणून मण्यांनाच ताण कळतो. कानामागे टिकलीएवढं यंत्र चिकटवलेलं असतं, ते तो ताण वाचतं आणि मोबाइलवर ताणाच्या आकड्यासह सूचना पाठवतं.

सूचना रुग्णाला जात नसे. सुरुवातीच्या चाचण्यांत जायची. ताण वाढल्याचं वाचून रुग्णांचा ताण आणखी वाढायचा. तेव्हापासून ती जवळच्या नातेवाइकांना जाई.

इथे प्रमिलाकडून चूक झाली, आणि माणखोलच्या बाहेर ती कुणाकडून झाली नसती. इस्पितळातल्या मुलीने विचारलं, सूचना कुणाकुणाला पाठवायच्या? स्वतःचं नाव देऊन प्रमिला थांबली. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर जन्माचा रुसवा. लग्नात एक पत्रिका उशिरा पोहोचली म्हणून वालावलचे राऊळ अजून या घरच्या गणपतीला येत नव्हते. तिने अख्खा भावकीचा ग्रुप दिला. त्यात मस्कतला बोटीवर असलेले होते, नालासोपाऱ्याचे होते, आणि एक मयत काका होते ज्यांचा नंबर काढायचं कुणाच्या जिवावर आलं होतं. दिगंबरही होता.

मणी बसले. आवाज थांबला. डोळा हळूहळू आपल्या जागी गेला. प्रमिला रोज सकाळी, उमाकांत झोपेत असताना, त्याच्या कानशिलाला कान लावून बघायची. काही ऐकू येत नाही याची खात्री झाली की चहा टाकायची. त्याला हे माहीत होतं. तो झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचा.

पहिली सूचना आली ती बांगड्याच्या तिखल्यावरून, म्हणजे कालवणावरून. तिरफळं घालायची राहिली होती. उमाकांतने ताट जरा पुढे सरकवलं, एवढंच. प्रमिलाच्या कमरेला खोचलेल्या मोबाइलमधून एक गोड आवाज आला:

"उमाकांत राऊळ यांच्या धमनीवरचा ताण वाढत आहे. कृपया त्यांच्याशी सौम्य बोला."

हाच आवाज शेजारून आला, समोरून आला, आणि विहिरीवरूनही आला. मस्कतहून विचारणा झाली, काय झाला? नालासोपाऱ्याच्या काकांनी फोन करून अर्धा तास शांत राहण्याचं महत्त्व सांगितलं, त्यामुळे दुसरी सूचना गेली. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं संध्याकाळपर्यंत येत होती.

त्यानंतर माणखोलने उमाकांतचं ऐकायचं ठरवलं.

हे ऐकायला बरं वाटतं. उमाकांतलाही आठवडाभर वाटलं. पत्त्यांत तो हरेनासा झाला. त्याने चुकीचं पान टाकलं की समोरचे त्याहून चुकीचं टाकायचे. पाऊस पडत असताना तो म्हणाला, आज उघडीप आहे, तर दोघांनी छत्र्या मिटल्या. देवळाच्या सभेत, कुणी तरी विरोध करतं का बघावं म्हणून, त्याने सभामंडपाला पोपटी रंग देण्याची सूचना मांडली. ती एकमताने मंजूर झाली. मंडप पोपटी झाला. येणारा-जाणारा भाविक आत पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबू लागला.

घरात तर बोलणंच संपलं. प्रमिला म्हणायची, बरं. मग म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं. भांडायचं झालं तर ती मागच्या परसात जाऊन केळींशी भांडायची. संसारात जे काही बोलण्यासारखं असतं त्यातलं बरंचसं थोडंफार टोचणारं असतं, हे उमाकांतला पहिल्यांदा कळलं, कारण ते काढून टाकल्यावर जेवणाच्या वेळा तेवढ्या उरल्या. तो थकला. आजाराने आलेला थकवा त्याला माहीत होता. हा वेगळा होता. उतारावर ढकललेल्या गाडीसारखं कुठेच काही अडत नाही, म्हणून आलेला.

त्याला एकच माणूस हवा होता. दिगंबर सोडणार नाही, असं तो स्वतःला सांगायचा. देव असला तरी दिगंबरच तो.

मग एका सकाळी करवतीचा आवाज आला. उमाकांत घरापुढच्या खळ्यात आला तोवर फणस आडवा झाला होता. जिथे पानं असायची तिथे आभाळ होतं, आणि दगडी गडग्यापलीकडे दिगंबर खाली मान घालून फांद्या बाजूला ओढत होता. त्याने आपला फणस आपण होऊन तोडला होता. उमाकांतने हाक मारली असती, पण हाक मारायचं त्यांच्यात नव्हतं. त्याच्या छातीत काही तरी उसळलं, आणि सगळ्या वाडीतून तो गोड आवाज एकदम आला. दिगंबरच्या खिशातूनही आला. दिगंबर फांदी तशीच टाकून घरात निघून गेला.

आता एकच जागा उरली होती. उमाकांतने प्रमिलाला सांगितलं, मी काम करणार. ती म्हणाली, बरं. मग परसात जाऊन रडली.

डॉक्टरांनी एका प्रयोगाला परवानगी दिली. गदा कापसाची असावी आणि ओरडणं बेताचं. आताशा नाटकं संध्याकाळीच व्हायची, त्यामुळे पोपटी मंडपात उजेड असतानाच दैत्याने प्रवेश केला. सगळी भावकी फोन हातात घेऊन बसली होती.

"हे नारायणा," उमाकांतने सुरुवात केली, "हे त्रैलोक्य माझं आहे. तू इथून चालता हो."

दिगंबर पीतांबर सावरत उभा होता. मुकुटाखालून घाम ओघळत होता. पहिल्या रांगेत कुणाचा तरी फोन गोड आवाजात बोलू लागला. दिगंबरने तिकडे बघितलं, मग उमाकांतच्या उजव्या डोळ्याकडे.

"दैत्यराज," विष्णू म्हणाला, "तुझं म्हणणं रास्त आहे."

पेटीवाल्याचा हात पट्टीवरच राहिला.

उमाकांतने आणखी एक बाजू लढवून बघितली. मी ऋषींचे यज्ञ उद्ध्वस्त केले, म्हणाला. त्यात धूर फार होतो, विष्णूने कबूल केलं. मी तुझ्या भक्तांना छळलं. त्यांचंही काही चुकलं असेल. मी तुझ्या वृक्षाचे गरे खाल्ले, दैत्य म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा फाटला. ते तुझेच होते, देव म्हणाला.

मग विष्णूने कापसाची गदा दैत्याच्या पायाशी ठेवली, हात जोडले आणि निघून गेला. दैत्य मरायचा राहिला. लोक थोडा वेळ बसून राहिले, कारण दैत्य मेल्याशिवाय आरती कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी भटजींनी, असू दे, म्हणून कापूर लावला, आणि आरतीला दैत्यही उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उमाकांत आणि प्रमिला पुन्हा डॉक्टर बिडयेंसमोर बसले होते. त्याने सरळ विचारलं, ही टिकली बंद करता येते का? करता येते, त्या म्हणाल्या, पण मग जाळीला काही झालं तर कुणालाच वेळेवर कळणार नाही. त्यांनी पडद्यावर जाळी दाखवली. निम्म्यावर अस्तर चढलं होतं, निम्मी अजून उघडी होती. भांडण म्हणजे दाब, आणि दाब म्हणजे धोका. त्यात त्या काही गोड करून सांगणार नव्हत्या. थोडा ताण येऊन उतरला तर जाळी सोसेल. चढतच राहिला तर नाही.

"म्हणजे भांडणाला हरकत नाही," उमाकांत म्हणाला, "वेळेत थांबलं पाहिजे."

"काका, वेळेत थांबणारं भांडण मी अजून बघितलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. पण नावं कमी करता येतात. एक तरी ठेवावंच लागतं, नियम आहे. एकच ठेवायचं असेल तर कुणाचं?

प्रमिलाने पदर सारखा केला. तिचं नाव गृहीतच होतं.

"दिगंबर गणपत राऊळ," उमाकांत म्हणाला.

डॉक्टर खिडकीकडे बघू लागल्या, जणू खिडकीचाही रिपोर्ट यायचा होता.

"अकरा वर्षं जो तुमच्याशी बोलला नाही तो," प्रमिला हळू म्हणाली. "ज्याने मारलं तो. आणि मी रोज सकाळी कान लावून बघते, ती कोण?"

उमाकांतने कानामागच्या टिकलीवर बोट ठेवलं.

"तुला कळलं की तू भांडण सोडून देतेस," तो म्हणाला. "कायमचं. तो थांबेल. सोडणार नाही."

"काल सोडलंच की त्याने."

"काल सगळी भावकी बघत होती."

प्रमिला उठली. ठीक आहे, म्हणाली, आता माझ्या फोनला काही कळणार नाही ना? मग मी वाटेल ते बोलेन. आणि तिने इस्पितळाच्या जिन्यातच सुरुवात केली. तिरफळांपासून पोपटी मंडपापर्यंत सगळं तिने क्रमाने घेतलं. विजेच्या एसटीत आवाज नसल्यामुळे ते पुढच्या सीटपर्यंत नीट पोहोचलं. मधे मधे ती थांबून त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघायची आणि पुन्हा चालू करायची. उमाकांत खिडकीला डोकं टेकून ऐकत होता. महिन्यांनंतर त्याला जरा कुठे तरी अडल्यासारखं, बरं वाटत होतं.

आता सूचना फक्त त्यालाच येतील असा इस्पितळाचा निरोप मिळाल्यावर दिगंबर तिसऱ्या दिवशी आला. वाटेने नाही, गडगा ओलांडून. तोंडाला रंग नव्हता, त्यामुळे उमाकांतला तो आधी ओळखूच आला नाही. इतक्या जवळून त्याने त्याला विष्णूच्या वेषातच बघितलं होतं. मुकुट नसताना तो बराच म्हातारा दिसत होता.

"उमो," तो म्हणाला. आणि खिशातला फोन चाचपत उभा राहिला.

"बोल," उमाकांत म्हणाला.

"तुझ्या डोक्याचो हिशोब माझ्या खिशात कित्याक? वैनी खय गेली?"

वैनी स्वयंपाकघरातून म्हणाली की ती इथेच आहे आणि तिलाही हाच प्रश्न पडलाय.

"फणस कित्याक तोडलंस?" उमाकांतने विचारलं.

"तुझ्यासाठी."

"माका इचारलंस?"

दिगंबरचा चेहरा हळूहळू लाल झाला. "माझो फणस," तो म्हणाला. "माझ्या बापाशीन लावलेलो. तो तोडूक तुका कित्याक इचारू?"

किती तरी महिन्यांत उमाकांतला कुणी तरी नाही म्हटलं होतं. त्याला ते इतकं बरं वाटलं की तो पायरीवरून उठलाच. मग तो बोलला. फणस तुझा तर पानं कुणाची, हे बोलला, आणि दैत्याला न मारता निघून जाणाऱ्या देवाला लाज नाही, हेही बोलला. दिगंबर म्हणाला, एक गदा मारून काय झालं ते बघितलंय मी, रोज रात्री बघतो, परत हात उचलवत नाही माझ्याच्याने. आणि तू तेव्हा वाकला असतास तर! मी वाकणार होतो, उमाकांत ओरडला, पण पन्हळीचं उत्तर—

दिगंबरच्या खिशातून तो गोड आवाज आला. उमाकांत राऊळ यांच्या धमनीवरचा ताण वाढत आहे. कृपया—

दिगंबरने घाईने फोन काढला. तो हातातून निसटून खाली पडला, त्याने उचलला, शर्टाला पुसला आणि डोळ्यांजवळ धरला.

"गप," तो म्हणाला. "एक शब्द बोलू नको. बस."

उमाकांत बसला. दिगंबर त्याच्या शेजारी, खालच्या पायरीवर बसला. प्रमिला ओला हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. उमाकांतने आत कान देऊन बघितलं. सूं सूं नव्हतं. बाजूला दिगंबरचा श्वास तेवढा ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा, आणि त्याचा अंगठा फोनच्या काचेवर आकड्याला खाली दाबून धरल्यासारखा टेकलेला होता.

"आकडो इलो खाली?" थोड्या वेळाने उमाकांतने विचारलं.

"गप म्हटलंय मां."

ते बसून राहिले. प्रमिला आत जाऊन दोन कप चहा घेऊन आली, पायरीवर ठेवला आणि परत जाऊन दारात उभी राहिली. चहावर साय धरू लागली तरी दिगंबरने कपाला हात लावला नाही.

मग त्याने खांदे खाली सोडले, फोन आकड्याची बाजू वर करून गुडघ्यावर ठेवला, आणि उमाकांतकडे वळला.

"इलो," तो म्हणाला. "आता सांग. पन्हळीचा काय म्हणत होतंस?"